नीली

२९ मार्च २०२५ला शनिवार होता, अमावास्या होती, आणि त्याच दिवशी शनी कुंभेतून मीनेत गेला. आमच्या घरात ही तारीख सगळ्यांना कधीपासून पाठ होती. बाबांची रास मकर. जानेवारी २०१७मध्ये शनी धनू राशीत आला तेव्हा त्यांची साडेसाती सुरू झाली, ती या शनिवारी संपणार होती. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाल्यावर बाबांनी उजव्या हाताच्या मधल्या बोटातली चांदीची अंगठी काढली. आठ वर्षांत ती रुतून बसली होती, म्हणून आधी साबण लावावा लागला. निघाली तेव्हा बोटावर पांढरट कडं उमटलेलं होतं. बाबा बराच वेळ ते अंगठ्याने चोळत बसले.

दुसऱ्या दिवशी पाडवा. गुढी उभारून झाली, कडुलिंब खाऊन झाला आणि बाबांनी ती अंगठी दुधापाण्याने धुऊन माझ्यापुढे ठेवली. "आता तुझी पाळी."

माझी रास मेष. शनी मीनेत गेला की मकरेची साडेसाती संपते आणि मेषेची सुरू होते. आमच्या टीममध्ये ऑन-कॉलची ड्यूटी अशीच बदलते, एकाचा आठवडा संपला की त्याच मिनिटाला दुसऱ्याचा सुरू. शनीला एक फेरी मारायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. नोव्हेंबर १९९६मध्ये मी जन्मले तेव्हाही तो मीनेतच होता. म्हणजे मी जन्मले तीच साडेसातीत, हे बाबांचं आवडतं वाक्य. दहावीला गणितात गुण कमी पडले तेव्हाही ते त्यांनी ऐकवलं होतं, तेव्हा साडेसाती नसूनही.

दुसऱ्याने वापरलेलं रत्न घालू नये असं म्हणतात. मी ते बाबांना सांगून पाहिलं. "घरातल्या घरात चालतं," बाबा म्हणाले. मी कात्रजहून हिंजवडीला जाते, तिथल्या कंपनीत फेब्रुवारीपासून माणसं कमी करणं सुरू होतं, आणि ही गोष्ट मी घरी सांगून बसले होते. चूक माझीच. अंगठी मला सैल होत होती. आईने मागच्या बाजूने तिला दोरा गुंडाळून दिला आणि मी ती घातली. माझा विश्वास नाही. पण पाडव्याच्या सकाळी श्रीखंडाच्या वाटीसमोर बसून वडिलांशी वाद घालायचा, इतका अविश्वासही नाही.

त्या अंगठीशी माझं जुनं भांडण होतं, ते वेगळंच. २०१६च्या अखेरीस बाबांचा शिरवळचा कारखाना बंद पडला. सतरा वर्षं ते कात्रज चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभे राहिले होते. सकाळी घाट चढून जुन्या बोगद्यातून पलीकडे, संध्याकाळी परत, आणि नवा बोगदा झाल्यावर त्यातून. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. आईची भिशी २०१७च्या उन्हाळ्यात लागायची होती आणि त्यातून माझा लॅपटॉप घ्यायचा ठरला होता. भिशी लागली. पण तोवर बाबांना कोणीतरी पत्रिका दाखवायला नेलं होतं, आणि त्या पैशांतून साडेअठरा हजारांचा नीलम आला. सव्वापाच रत्ती, चांदीत, खालून उघडा, म्हणजे खडा कातडीला टेकला पाहिजे.

नीलम अंगठीत बसवण्याआधी त्याची परीक्षा घेतात. निळ्या फडक्यात गुंडाळून तीन रात्री उशाखाली ठेवायचा, वाईट स्वप्नं पडली तर परत करायचा. बाकी रत्नं मुकाट्याने काम करतात म्हणे. नीलम तेवढा लागला तर राजा, नाही तर रस्त्यावर. त्या तीन रात्री घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, स्वप्नच पडलं नाही. मी मात्र तिन्ही रात्री देवाकडे बाबांसाठी एक जोरदार वाईट स्वप्न मागत होते, कारण खडा परत गेला तर पैसे परत येणार होते. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट मी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, तिची झोपायची वेळ झाली की बसून पूर्ण केलं. हे मी घरी कधी बोलून दाखवलं नाही. आठ महिन्यांनी बाबांना एका गोदामात स्टोअरकीपरची नोकरी लागली आणि श्रेय कोणाला गेलं ते सांगायला नको.

एप्रिलमधली गोष्ट. घरून काम होतं, सकाळची मीटिंग लांबली होती, आणि मी स्क्रीनवर एक कोरं पांढरं पान उघडून त्यावर काहीतरी टिपायच्या बेतात होते. हात स्क्रीनसमोर आला आणि उगाच चाळा म्हणून मी अंगठी काढून त्या पांढऱ्या उजेडात धरली. खडा जांभळट निळा, अगदी गोकर्णाच्या फुलासारखा. बोटांत फिरवला. निळा फिका झाला, आणखी फिरवला तर जवळजवळ गेलाच. उरला तो पाण्यात एक थेंब चहा पडावा तसा पिवळट रंग. आणखी पाव फेरी फिरवल्यावर निळा पुन्हा हजर.

माझी पहिली प्रतिक्रिया शास्त्रीय वगैरे नव्हती. माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, काच आहे आणि तिचा रंग उडतोय. पण उडालेला रंग परत येत नाही. मीटिंगमध्ये कोणीतरी माझं नाव घेतलं तेव्हा मी "हो, चालेल" म्हटलं. कशाला हो म्हटलं ते दुपारी कळलं.

लॅपटॉपच्या पडद्यातून येणारा उजेड ध्रुवित असतो. म्हणजे साध्या उजेडाच्या लहरी सगळ्या दिशांना थरथरत असतात. एलसीडीच्या पुढच्या थरातून त्यातली एकाच दिशेने थरथरणारी लहर बाहेर पडते. काही खडे असे असतात, की उजेड कोणत्या दिशेने थरथरतोय त्याप्रमाणे ते वेगळा रंग गिळतात. साध्या दिव्याखाली सगळ्या दिशांची सरमिसळ होते आणि डोळ्याला एकच रंग दिसतो. पडद्यासमोर धरलं की सरमिसळ संपते. याला बहुवर्णता म्हणतात. खऱ्या नीलमातही ती असते, पण तिथे निळ्याचा फार तर हिरवट निळा होतो. गडद जांभळट निळ्यापासून थेट पिवळटापर्यंत उडी मारणारा, दागिन्यांत सर्रास दिसणारा खडा एकच, आयोलाइट.

आयोलाइट हे रत्नांच्या बाजारातलं नाव. ग्रीक भाषेत जांभळ्या रंगासाठी जो शब्द आहे त्यावरून आलेलं. खनिजशास्त्रात त्याला कॉर्डिएराइट म्हणतात, पिएर लुई कॉर्डिए या फ्रेंच भूशास्त्रज्ञाच्या नावावरून. हे नाव १८१३चं. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका, आणि मॅग्नेशियमच्या काही जागांवर बसलेलं लोखंड. निळा रंग त्या लोखंडाचा. शेजारशेजारच्या दोन लोह-अणूंमध्ये इलेक्ट्रॉनची देवघेव होते आणि ती होताना उजेडातला पिवळा-नारिंगी भाग खाल्ला जातो. स्फटिकात हे अणू ठरावीक रांगेत बसलेले असल्यामुळे देवघेवही ठरावीक दिशेनेच होते. त्या दिशेने थरथरणारा उजेड आला तर खडा निळा, आडवा आला तर देवघेव नाही आणि रंगही नाही. म्हणून हा खडा कापणाऱ्याची खरी परीक्षा असते. कच्चा दगड कसा धरून वरचा पैलू पाडला यावर सगळं अवलंबून. चुकीच्या बाजूने कापला तर गिऱ्हाइकासमोर राखाडी काचेचा तुकडा येतो. बाबांच्या खड्याला ज्याने कापलं तो कोण होता कोण जाणे, पण त्याला काम येत होतं.

याला जुन्या व्यापारात जलनीलमही म्हणत. आणि आपल्याकडे ज्योतिषी आणि रत्नवाले त्याला काकानीली किंवा नुसतं नीली म्हणतात. शनीचं उपरत्न. नीलम परवडत नसेल तर नीली घाला, हे वाक्य मी लहानपणापासून कुठे ना कुठे ऐकलेलं आहे. आपल्या घरातल्या खड्याशी त्याचा संबंध लावायचं मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

एकदा हे लक्षात आल्यावर बाकीचे पुरावे समोरच होते. खड्याच्या पैलूंच्या कडा घासून गोलसर झाल्या होत्या. खरा नीलम म्हणजे कुरुंद, कठीणतेच्या मापावर ९. त्याच्यावर फक्त हिरा. आयोलाइट ७ ते ७.५. आपल्या धुळीत गारेचे कण असतात, त्यांची कठीणता ७. म्हणजे गोदामात आठ वर्षं खोकी उचलणाऱ्या हातात आयोलाइटची धुळीशी जवळजवळ बरोबरीची लढत झाली होती. नीलमाच्या कडा इतक्यात बोथट झाल्या नसत्या.

मला तरीही आकडा हवा होता. नुसत्या रंगावर निकाल देणं म्हणजे एक टेस्ट पास झाली म्हणून कोड थेट प्रॉडक्शनला पाठवणं. त्यासाठी खडा अंगठीतून बाहेर काढायला हवा होता. शनिवारी बसने स्वारगेट गाठलं आणि तिथून चालत रविवार पेठेत गेले. सोन्या मारुती चौकाच्या मागच्या बोळांत बंगाली कारागीर बसतात. एका जिन्यावरच्या खोलीत तिघे जण मांडी घालून काम करत होते. त्यातल्या वयस्कर माणसाला म्हटलं, दादा, खडा काढून द्या, नंतर परत बसवायला आणेन. त्याने भिंग डोळ्याला लावलं, अंगठी खिडकीकडे धरून एकदा कलती केली आणि काही न विचारता म्हणाला, "नीली है. अच्छा पीस है." मला त्यासाठी पंधरा दिवस आणि एक लॅपटॉप लागला होता. नखं उचलून त्याने खडा कागदाच्या पुडीत बांधून दिला आणि पन्नास रुपये घेतले.

प्रयोग रात्री ओट्यावर केला. साडेसहाशे रुपयांना मागवलेला काटा होता, ग्रॅमचा हजारावा भाग दाखवणारा. आधी खडा कोरडा ठेवला: ०.९५३ ग्रॅम. रत्तीचा हिशेब इथे गमतीशीर आहे. गुंजेची मूळ रत्ती साधारण ०.१२ ग्रॅमची, रत्नवाल्यांची ०.१८च्या आसपासची; सव्वापाच रत्ती त्या दुसऱ्या मापाने बरोबर भरत होते. वजनात कोणी फसवलं नव्हतं. मग काट्यावर वाटीभर पाणी ठेवून आकडा शून्यावर आणला आणि बारीक दोऱ्याला बांधलेला खडा पाण्यात सोडला, तळाला टेकू न देता. अशा वेळी काटा खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन दाखवतो. बाकी सगळं आर्किमिडीजचं. नीलम असता तर आकडा ०.२४च्या आसपास आला असता, कारण नीलम पाण्याच्या चौपट जड. काट्याने दाखवलं ०.३६६. भागाकार केला: २.६०. आयोलाइट.

(दोऱ्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आकडा बिघडवतात. चार वेळा मोजलं. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे जातात. कोणाला करून बघायचं असेल तर.)

काचही घनतेने त्याच आसपास असू शकते, पण काचेला बहुवर्णता नसते. दोन्ही मिळून शंकेला जागा उरली नाही.

त्यानंतरचे काही दिवस मी या खड्याबद्दल जितकं वाचता येईल तितकं वाचत होते. कदाचित बाबांशी बोलणं टाळायला. १९६७मध्ये थॉर्किल रामस्को या डॅनिश पुरातत्त्वज्ञाने एक तर्क मांडला, की व्हायकिंग खलाशांच्या जुन्या कथांत ढगाळ आभाळात सूर्य दाखवणारा जो 'सूर्यदगड' येतो, तो कॉर्डिएराइटसारखा एखादा स्फटिक असावा. आभाळाचा उजेडही लॅपटॉपच्या पडद्यासारखा काही अंशी ध्रुवित असतो, सूर्यापासून काटकोनात सगळ्यात जास्त. दगड फिरवून त्याचा रंग बदलताना पाहिला की सूर्य कुठे लपलाय त्याचा अंदाज बांधता येतो. तर्क आहे, सिद्ध झालेला नाही. पण मधमाश्या आभाळ याच पद्धतीने वाचतात आणि त्यात तर्काचा भाग नाही.

त्याच १९६७ साली टांझानियात, अरुशाजवळच्या मेरेलानी टेकड्यांत, आणखी एक जांभळट निळा खडा सापडला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या टिफनी या पेढीने त्याला टांझानाइट नाव देऊन बाजारात आणलं. आज जांभळा-निळा खडा म्हटलं की जगात बहुतेकांना तोच आठवतो. जमिनीतून निघतो तेव्हा तो बहुतेक वेळा तपकिरी असतो. पाचशे-सहाशे अंशांवर तापवला की निळा होतो. त्याचा फार मोठा भाग कापायला जयपूरला येतो. आयोलाइटला भट्टीची गरज लागत नाही, हा बिचाऱ्याचा मोठेपणा बाजाराने फारसा मनावर घेतलेला नाही.

आणि मला आणखी एक खुळ लागलं. हा खडा इथला असू शकेल का? आमच्या गच्चीवरून घाटाची रांग दिसते. पावसाळ्यात हिरवी आणि मे महिन्यात जळलेल्या पोळीसारखी. कात्रजचा तलाव, जिथून नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला नळ घालून शहरात पाणी नेलं, त्याच्या भिंतीचा दगडही याच डोंगराचा. सगळा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. पण आयोलाइट लाव्ह्यात असा तयार होत नाही. त्याला चिकणमातीचा जुना गाळ लागतो आणि तो गाळ खोल गाडला जाऊन भाजला जावा लागतो. तसे खडक आपल्याकडे तमिळनाडूत आहेत, ओडिशात आहेत. बाबांचा खडा तिकडचाच असण्याची शक्यता जास्त. कात्रजला तो परकाच.

पुण्याचा स्वतःचा निळा मात्र आहे, आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाघोलीला सापडतो. कॅव्हान्साइट. रस्त्यासाठी खडी काढायच्या खाणींत काळा पाषाण फोडताना आतल्या पोकळीत पांढऱ्या स्फटिकांवर निळ्या काट्यांचे गोंडे बसलेले निघतात, इतके निळे की कोणी रंगवलेत असं वाटावं. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका या घटकांच्या आद्याक्षरांवरूनच ते नाव पडलं. पहिल्यांदा अमेरिकेत ओरेगॉनमध्ये सापडलं आणि १९७३मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, पण जगभरच्या संग्राहकांकडे जे सुंदर नमुने आहेत ते वाघोलीचे. दागिन्याला मात्र उपयोग नाही. कठीणता ३ ते ४, म्हणजे तांब्याच्या नाण्यानेही ओरखडा पडावा, आणि काटे इतके बारीक की पैलू पाडायला जागाच नाही. पाहायचा असेल तर काचेमागे. सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, तिथे आपल्या काळ्या पाषाणाच्या पोटात काय काय असतं ते पाहून मी एकदा चकित झाले होते. घरी येऊन आईला सांगितलं तर म्हणाली, "एवढे सुंदर दगड आणि आपण त्यांचे डांबरी रस्ते केले?" रस्तेही धड झाले नाहीत, हे ती म्हणाली नाही, कारण आम्ही तेव्हा कात्रज-कोंढवा रस्त्यावरच अडकलो होतो आणि म्हणायची गरज नव्हती.

आता पावतीबद्दल. मला राग होता दुकानदारावर. साडेअठरा हजार. आमच्या घरात त्या वर्षी साडेअठरा हजार म्हणजे काय होतं ते मला ठाऊक होतं. कपाटात बाबांच्या कागदांची प्लास्टिकची पिशवी आहे, त्यात कारखान्याचे पगाराचे कागद, माझी फीची चलनं आणि त्यातच ती पावती. कच्चीच, पेन्सिलीने लिहिलेली. मी नीलम हा शब्द शोधत होते. लिहिलं होतं: नीली ५.२५ र., चांदी अंगठी, १८,५००.

मी ती पावती घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई कुरडयांचा चीक ढवळत होती. तिने हात न थांबवता वाचलं.

"हो, नीलीच म्हणाला होता तो," आई म्हणाली. "आधी एक नीलम दाखवला, त्याची किंमत लाखाच्या वर. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मग त्याने दुसरा ट्रे काढला. म्हणाला, हीपण नीलमच धरा, हिला नीली म्हणतात."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? मला वाटलं लहान नीलम म्हणजे नीली. वाटा-वाटी, डबा-डबी, तसं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. व्याकरणाच्या दृष्टीने तिचं काहीही चुकलेलं नव्हतं. दुकानदाराने 'धरा' म्हटलं होतं, आईने तो शब्द तसाच ठेवला होता, आणि बाबांनी बहुतेक त्याच्या आधीचे दोनच शब्द ऐकले होते. पावतीवर खरं लिहिलेलं, तोंडाने अर्धं खरं सांगितलेलं, आणि किंमत दोन्हींच्या मधली. ज्याच्यावर ओरडावं असा माणूस त्यात मला नीट सापडेना. पुढच्या शनिवारी त्या दुकानापाशी गेले तर तिथे मोबाइलची कव्हरं विकायला होती.

"ह्यांना सांगणार आहेस?" आईने विचारलं. मी गप्प राहिले. "सांग की. पण त्या नोकरीचं काही बोलू नकोस."

म्हणजे नोकरी खड्यामुळे लागली की नाही, हा विषय काढू नकोस. तो मी काढणारच नव्हते. त्या आठ महिन्यांत बाबा रोज सकाळी सहाला उठून दाढी करून बाहेर पडत होते, भोर, खेड शिवापूर, शिंदेवाडी, जिथे गोदाम दिसेल तिथे चौकशी करत होते. अंगठी घालण्याआधीचे चार महिने ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. हे दोन्ही मी पाहिलेलं आहे. त्यावर माझ्याकडे काटा नाही.

कारागिराने खडा परत बसवून दिला. यंदा पाऊस मे महिन्यातच आला. एका दुपारी जोराचा पडून गेला आणि संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं झालं. बाबा गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. मी लॅपटॉप घेऊन गेले आणि पांढरं पान उघडून अंगठी त्यांच्या हातात दिली. फिरवा, म्हटलं.

त्यांनी फिरवली. भुवया वर गेल्या. पुन्हा फिरवली, मग उलटी करून, मग चष्मा काढून. सतरा वर्षं मशीनवर काम केलेला माणूस आहे. काय होतंय यापेक्षा कसं होतंय, हा प्रश्न त्यांना आधी पडतो. मी लोखंडाचं, इलेक्ट्रॉनचं, रांगेचं सांगितलं. त्यांना लगेच कळलं. लाकूड रंध्याने एका दिशेने गुळगुळीत होतं आणि उलट्या दिशेने उचकटतं, तसं, ते म्हणाले. हे माझ्या सगळ्या वाचनात कुठे नव्हतं.

मग म्हणाले, "नीलम असं करतो?"

"नाही. ही नीली आहे. आयोलाइट. खरा खडा आहे, काच नाही. पण नीलम नाही."

बाबा काही बोलले नाहीत. खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्नवर हात ठेवूनच उभं होतं.

"अठरा हजार पाचशेची आहे?"

"नाही."

"मग?"

"पाच. फार तर सहा हजार. तेव्हाचे."

त्यांनी मान हलवली. लॅपटॉपकडे बघत होते, अंगठीकडे नाही. "तेव्हा तुझा हा आला असता," ते म्हणाले.

मला वाटत होतं हे फक्त मलाच माहीत आहे. मी पडदा अर्धवट मिटला, मग परत उघडला. म्हटलं, बाबा, आभाळाकडे धरून बघा. याच्याशिवायही होतं.

सूर्य डोंगराआड चालला होता, म्हणजे डोक्यावरचं आभाळ सगळ्यात जास्त ध्रुवित. ते खुर्चीतून उठले, हात उंच केला आणि अंगठी दोन बोटांत धरून हळूहळू फिरवू लागले. पडद्यावर दिसतो तितका फरक आभाळात दिसत नाही. थोडा वेळ डोळ्याला सवय व्हावी लागते. मी सांगायला जाणार तोच त्यांनी दुसऱ्या हाताने मला गप्प केलं.

"हां," ते म्हणाले. "इथे आहे. आणि इथे... गेला."

आई जिन्यातून वर आली. कुरडयांचे चार प्लास्टिकचे कागद पाण्याच्या टाकीच्या आडोशाला पसरलेले होते आणि पश्चिमेकडून पुन्हा ढग येत होते.

"इकडे ये, बघ," बाबा म्हणाले.

"आधी कुरडया उचला," आई म्हणाली.

त्यांनी अंगठी माझ्या तळहातावर ठेवली आणि कागदाचं एक टोक धरायला गेले. दुसरं टोक आईने धरलं. मी अंगठी बोटात घातली. दोरा सुटायला आला होता.